सर्व्हर चालू, लॅब बंद!

प्रॅक्टिकलची परीक्षा सोमवारी सकाळी दहाला होती. पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजची लॅब, अडतीस मशिन्स आणि प्रत्येक मशिनवर मुलांचं होम फोल्डर यायचं ते कोपऱ्यातल्या एकाच सर्व्हरवरून. मी तेव्हा थर्ड इयरला होते. रविवारी आम्ही तिघांनी, म्हणजे दोन विद्यार्थी आणि लॅब असिस्टंट सर, त्या सर्व्हरवर नवीन लिनक्स टाकलं. जुन्या सेटिंगच्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या होत्या, त्या जशाच्या तशा परत ठेवल्या. सर्व्हिस सुरू झाली, स्क्रीनवर हिरवी अक्षरं आली, सरांनी वडापाव मागवले. आम्ही एकदम खूश.

सोमवारी सव्वानऊला पहिल्या मुलीने लॉगिन केलं आणि स्क्रीन तिथेच थांबली. एरर नाही, काही नाही. नुसतं थांबणं. मग दुसरी, मग तिसरा. पावणेदहाला अडतीसच्या अडतीस मशिन्स गप्प. एक्स्टर्नल मॅडम स्टाफरूममध्ये चहा पीत होत्या आणि आम्ही तिघे सर्व्हरसमोर घामाघूम. सर्व्हर चालू होता. केबल ठीक होती. पिंग जात होतं. फक्त फोल्डर येत नव्हतं.

उत्तर सापडलं पावणेअकराला, आणि ते अगदीच फालतू होतं. फायली वाटणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या पॅकेजने सेटिंगची जागा बदलली होती. आमची जुनी फाइल जुन्या जागी व्यवस्थित पडून होती, फक्त तिच्याकडे आता कुणी बघत नव्हतं. त्या फाइलमध्ये एक पोर्ट नंबर पक्का करून ठेवला होता. फायरवॉलमध्ये तेवढंच दार उघडं होतं. फाइलच वाचली जात नसल्यामुळे सर्व्हिस भलत्याच दाराशी जाऊन बसली आणि फायरवॉलने आपलं काम चोख केलं. परीक्षा दोन तास पुढे गेली. हा बदल होणार असल्याची नोंद पॅकेज तयार करणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवली होती. इतकंच नाही, जुनी सिस्टीम रीतसर अपग्रेड केली तर सेटिंग नव्या जागी हलवण्याची सोयही बघितली गेली होती. आम्ही रीतसर काही केलंच नव्हतं. आम्ही फाइल कॉपी-पेस्ट केली होती.

हे आत्ता आठवायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आता अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या कॉलेजांच्या लॅब डोळ्यांसमोर आणा. किती मशिन्स या चाळणीतून पार होतील? घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुरक्षा अपडेट मिळवायची सोय आहे. पण तो इलाज नव्हे, ती मुदतवाढ आहे. नवी मशिन्स घ्यायची, जुनीच असुरक्षित चालवायची, की लिनक्सवर जायचं? तिसरा पर्याय फुकट म्हणून कमिटीच्या मीटिंगमध्ये पटकन पास होतो. जगभरातल्या लिनक्सवाल्यांनी तर याच मुहूर्तावर ‘एंड ऑफ टेन’ नावाची मोहीमच काढली. डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, ९ ऑगस्ट २०२५ला आलं, तेही वेळेवर.

सगळं छान. फक्त एक प्रश्न मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही. एका मशिनवर लिनक्स टाकणं अर्ध्या तासाचं काम आहे. पण अडतीस मशिन्सना एकच होम फोल्डर, एकच प्रिंटर, सरांची एकच नोट्सची ड्राइव्ह दाखवायची, ही लॅबची खरी गरज. ते काम करणारं सॉफ्टवेअर तुमच्या लिनक्समध्ये नीट बसवून कोण देतं?

निवडणं, पाखडणं, दळणं

पॅकेजिंग म्हटलं की डोळ्यांसमोर खोकी आणि थर्माकोल येतं. सॉफ्टवेअरमध्ये हा शब्द वेगळ्या कामासाठी आहे. शेतातला गहू आणि तुमच्या डब्यातलं पीठ यांच्या मधे निवडणारं, पाखडणारं, दळणारं कुणीतरी असतं ना, तसं. मूळ प्रोग्रॅमर सोर्स कोड लिहून बाहेर ठेवतो. तो कुठल्या लायब्ररीच्या कुठल्या आवृत्तीवर चालतो, फायली कुठे ठेवायच्या, लायसन्स काय सांगतं, इन्स्टॉल होताना कुठला युजर तयार करायचा, अपग्रेड होताना चालू सर्व्हिस थांबवायची की नाही, जुन्या सेटिंगचं काय करायचं, हे सगळं ठरवतो तो पॅकेजचा मेंटेनर. तुम्ही ‘ॲप्ट इन्स्टॉल’ लिहून एंटर मारता आणि दहा सेकंदांत काम होतं, ते या माणसाने आधी शंभर गोष्टींचा विचार केलेला असतो म्हणून. ट्रिक्सीमध्ये अशी ६९,८३०हून जास्त पॅकेजेस आहेत. त्यातली चौदा हजारांवर नवीन, आणि आठ हजारांवर जुनी काढून टाकलेली. काढून टाकणं हेही पॅकेजिंगचंच काम, आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारं.

कॅल्क्युलेटर किंवा गाणी ऐकायचं ॲप पॅकेज करणं त्या मानाने सोपं. बिघडलं तर एकाचं बिघडतं. नेटवर्क फाइल सिस्टीम ही वेगळीच भानगड आहे. नेटवर्क फाइल सिस्टीम म्हणजे दुसऱ्या मशिनवरचं फोल्डर आपल्याच मशिनवर असल्यासारखं दिसणं. यातला आजोबा म्हणजे एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सने तो १९८४च्या सुमारास बनवला. तिसरी आवृत्ती १९९५ची, ती आजही अनेक ठिकाणी चालते. आमच्या लॅबमध्येही तीच होती. दुसरा म्हणजे सांबा. विंडोजची फाइल शेअरिंगची भाषा लिनक्सला बोलता यावी म्हणून ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो लिहायला घेतला. विंडोजच्या त्या भाषेचं नाव एसएमबी. ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे आधीचं नाव सोडावं लागलं, तेव्हा एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द त्याने डिक्शनरीच्या फाइलमधून शोधले आणि त्यातला ‘सांबा’ उचलला. नाचाशी संबंध शून्य.

अडचण अशी की एनएफएसचा एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात असतो आणि दुसरा बाहेर, साध्या प्रोग्रॅम्समध्ये. कर्नल एक टीम बघते, बाहेरचे प्रोग्रॅम्स दुसरी. दोघांचं जुळलं पाहिजे. मशिन सुरू होताना आधी नेटवर्क आलं पाहिजे, मग नावं ओळखणारी सर्व्हिस, मग फोल्डर जोडणं. क्रम चुकला की लॉगिन लटकतं. आणि नेटवर्कच्या पलीकडे कोण बसलंय ते पॅकेजवाल्याला माहीतच नसतं. तिथे दहा वर्षांपूर्वीचं लिनक्स असेल, मॅक असेल, कुणीतरी एसपी रोडवरून की लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्वस्तातला स्टोरेज बॉक्स असेल. आपल्याकडे जुनं ते सोनं असतं.

थांबण्याचंही एक शास्त्र आहे. आमची स्क्रीन एरर न देता गोठली, त्याला ‘हार्ड माउंट’ म्हणतात. विक्रोळी आणि घाटकोपरच्या मधे लोकल सिग्नलला उभी राहते तसं. सिग्नल मिळेपर्यंत गाडी हलणार नाही, मग तुमची परीक्षा असो की इंटरव्ह्यू. दुसरा प्रकार ‘सॉफ्ट माउंट’. थोडा वेळ वाट बघायची आणि एरर देऊन मोकळं व्हायचं. वाटतं हेच बरं. पण अर्धी लिहिलेली फाइल तशीच सोडून प्रोग्रॅम पुढे जातो, म्हणजे रुळांवर उडी मारण्यातला प्रकार. डेटा खराब होऊ शकतो. म्हणून मुळातलं सेटिंग ‘थांबा’ असंच आहे. त्या सोमवारी मी त्याला भरपूर शिव्या घातल्या. आता मला ते बरोबर वाटतं. एखाद्या मुलीचा वर्षभराचा प्रोजेक्ट अर्धवट लिहिला जाण्यापेक्षा दोन तास उशीर परवडला.

जेएनपीटीतला तो जून

फाइल शेअरिंग म्हणजे लॅबमधली किरकोळ गोष्ट असं वाटत असेल तर २०१७चा जून आठवा. तुमच्यातले बरेचजण तेव्हा शाळेत असतील. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला जगभर पसरला आणि त्याचा फटका खाडीपलीकडे जेएनपीटीपर्यंत आला. मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स चालवत असलेल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचं कामकाज ठप्प झालं. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे ठेवायचा, हे सांगणारे कॉम्प्युटरच बंद. ट्रक बाहेर उभे.

हा व्हायरस एका मशिनवरून दुसऱ्यावर जायला जे रस्ते वापरत होता त्यातला एक म्हणजे विंडोजच्या त्याच एसएमबी भाषेतलं भगदाड. ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. मेमध्ये ‘वॉनाक्राय’ याच भगदाडातून येऊन गेला होता. तरी जूनमध्ये पुन्हा तेच. बरं, तो आत आला कसा? युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीची अपडेट देणारी यंत्रणाच ताब्यात घेतली होती. म्हणजे लोकांनी नेहमीप्रमाणे, शहाण्या माणसासारखं अपडेट केलं आणि विष घरात आलं.

त्याच वर्षी २४ मे रोजी सांबातही एक गंभीर चूक जाहीर झाली. २०१०पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये ती होती. ज्याला शेअर केलेल्या फोल्डरमध्ये लिहिता येतं, त्याला सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. डेबियन, उबुंटू, रेड हॅट यांची दुरुस्त केलेली पॅकेजेस लगेच आली, कारण अशा बातम्या जाहीर होण्याआधी ठरावीक लोकांना गुपचूप कळवल्या जातात आणि ते रात्र जागून पॅकेज बनवून ठेवतात. ज्यांनी पॅकेजमधून सांबा घेतला होता, त्यांना एका कमांडचं काम होतं. ज्यांचा सांबा स्वस्तातल्या स्टोरेज बॉक्सच्या आत, कंपनीने एकदा भरून दिलेला होता, ते कंपनीच्या कृपेवर. या दोन प्रकारच्या लोकांमधला फरक हाच पॅकेजिंगचा खरा मुद्दा आहे.

आणि पॅकेजवालाच चुकला तर?

इथपर्यंत वाचून मेंटेनर म्हणजे देवमाणूस असं वाटेल. तसं नाही. २००६मध्ये डेबियनच्या मेंटेनरने ओपनएसएसएलच्या पॅकेजमध्ये एक छोटा बदल केला. एक टूल इशारा देत होतं, तो इशारा बंद व्हावा एवढाच हेतू. त्या बदलामुळे कीज बनवताना लागणारा यादृच्छिकपणा जवळजवळ संपला. प्रत्येक प्रकारच्या कीसाठी फक्त ३२,७६८ शक्यता उरल्या. लॅपटॉपवर बसून सगळ्या मोजता येतील इतक्या. हे उघडकीला आलं थेट मे २००८मध्ये. पावणेदोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्याहून भारी गोष्ट २९ मार्च २०२४ची. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! आपण चर्चगेट फास्ट दहा मिनिटं उशिरा आली तरी मान वर करत नाही. त्याने खोदकाम केलं तर ‘एक्सझेड’ या फायली दाबून लहान करणाऱ्या साध्याशा सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा निघाला. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षं मदत करून, विश्वास कमावून, थकलेल्या एकट्या मेंटेनरकडून अधिकार मिळवले होते. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा तपशील असा की तो विषारी भाग सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात पूर्ण नव्हताच. रिलीज म्हणून जी गठडी बांधून दिली जाते, तिच्यात शेवटचा धागा घातला होता. शिवाय तो जागा व्हायचा फक्त डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीचं पॅकेज बनत असेल तरच. म्हणजे हल्ला प्रोग्रॅमवर नव्हता, पॅकेजिंगच्या प्रक्रियेवरच होता. त्याला लॉगिनच्या सर्व्हिसपर्यंत पोचायला वाट मिळाली तीसुद्धा काही डिस्ट्रोंनी सोयीसाठी स्वतः लावलेल्या ठिगळामुळे.

मग वाचलो कशाने? माझ्या मते संथपणाने. डेबियनची स्थिर आवृत्ती नवीन काही लगेच घेत नाही. नवं पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये, मग ‘टेस्टिंग’मध्ये, मग कधीतरी स्टेबल. विषारी एक्सझेड त्या पहिल्या दोन डब्यांपर्यंत आणि फेडोराच्या बीटापर्यंत पोचला होता. कॉलेजांच्या, बँकांच्या, हॉस्पिटलांच्या सर्व्हरवर जे स्थिर लिनक्स चालतं तिथे तो पोचायच्या आत पकडला गेला. ‘तुमच्या डेबियनमध्ये सगळं दोन वर्षं जुनं असतं’ हा टोमणा मी कॉलेजमध्ये खूप ऐकलाय. आता त्यावर उत्तर आहे.

२०२५मध्ये याला आणखी एक फाटा फुटला. मे महिन्यात शॉन हीलन या सुरक्षा संशोधकाने लिनक्स कर्नलमधल्या ‘केएसएमबीडी’मध्ये, म्हणजे कर्नलच्या आत बसवलेल्या एसएमबी सर्व्हरमध्ये, एक अज्ञात चूक ओपनएआयच्या ओ३ मॉडेलकडून शोधून घेतली. लॉग-ऑफ करताना मोकळी केलेली मेमरी दुसरीकडून पुन्हा वापरली जाऊ शकत होती. बातमी गाजली ती एआयमुळे. पण चूक शोधणं स्वस्त झालं म्हणून दुरुस्ती स्वस्त होत नाही. दुरुस्ती तपासायची, जुन्या कर्नलला जुळवायची, पॅकेज बांधायचं आणि ते लावल्यावर अंधेरीतल्या कुठल्यातरी लॅबमधलं फोल्डर जोडलेलं राहील ना हे बघायचं, ही कामं अजून माणसंच करतात. आणि ती माणसं तेवढीच आहेत.

डॉकर आहे ना?

हा प्रश्न हमखास येतो, विशेषतः सेकंड इयरला डॉकर शिकलेल्यांकडून. सगळं कंटेनरमध्ये भरा, पॅकेजची कटकटच नको. यात तथ्य आहे. विद्याविहारच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट घ्या. जगभर वापरलं जाणारं हे मुंबईचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्या पॅकेजची वाट बघत बसत नाही. स्वतःच्या टूलने किंवा डॉकरने बसवलं जातं आणि त्यांचं छान चाललंय. वेब ॲपसाठी हा मार्ग योग्यच आहे.

पण कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतं. तो यजमान मशिनच्या कर्नलवर जगतो. फोल्डर जोडायचं काम शेवटी यजमानाच्या एनएफएस क्लायंटकडेच येतं, आणि तो येतो पॅकेजमधून. डॉकरच्या इमेजेस तरी कशावर उभ्या असतात? बहुतेक वेळा डेबियन, उबुंटू किंवा अल्पाइनच्या पॅकेजेसवर. घर भाड्याचं असलं तरी पाण्याची लाइन सोसायटीचीच असते.

आणि मूळ सॉफ्टवेअरच ओसाड पडलं तर कंटेनर काय करणार? ग्लस्टरएफएसची गोष्ट आपल्याकडची आहे. अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एक मोठी फाइल सिस्टीम बनवणारं हे सॉफ्टवेअर, आनंद बाबू पेरियासामी आणि सहकाऱ्यांचं, बराचसा भाग बंगळूरमध्ये लिहिला गेलेला. २०११मध्ये रेड हॅटने ती कंपनी सुमारे १३.६ कोटी डॉलरला घेतली. भारतीय ओपन सोर्सच्या इतिहासातली ही मोठी बातमी होती. रेड हॅटने ग्लस्टरवर आधारलेल्या आपल्या उत्पादनाचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ला संपवला. क्यूईएमयूने त्याचा आधार काढण्याची पूर्वसूचना दिली. प्रॉक्समॉक्सने ऑगस्ट २०२५च्या नव्या आवृत्तीतून तो काढूनच टाकला. कोड अजून सगळ्यांना खुला आहे. कुणीही घ्या, सुधारा, पॅकेज करा. फक्त ‘कुणीही’ म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न आहे. ‘फ्री’ सॉफ्टवेअर मरत नाही असं आपल्याला सांगितलं जातं. मरत नाही, पण बेवारस होतं.

जुहू, पवई, विद्याविहार

मुंबईच्या उपनगरांना हा विषय परका नाही. जुहूच्या गुलमोहर रोडवरची एनसीएसटी ही संस्था ऐंशीच्या दशकात एर्नेटच्या, म्हणजे भारतातल्या सुरुवातीच्या कॉम्प्युटर नेटवर्कच्या कामात पुढे होती. लिनक्सवर भारतीय लिप्या दिसाव्यात म्हणून ‘इंडिक्स’चं काम तिनेच केलं. २००३मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. त्याच सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्स डेबियनवर बेतलेलं आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३मध्ये विंडोजऐवजी आणायला घेतलेली ‘माया’ प्रणाली उबुंटूवर, म्हणजे पुन्हा फिरून डेबियनच्याच घराण्यावर. पवईला आयआयटीत फॉसी प्रकल्प आहे. तिथली स्पोकन ट्युटोरियल्स मराठीतही आहेत. फ्रॅपे, झिरोधा वगैरेंच्या पुढाकाराने २०२०मध्ये फॉस युनायटेड उभी राहिली आणि तिचे मेळावे मुंबईत होतात. २०२३मध्ये डेबियनची जागतिक परिषद प्रथमच भारतात, कोचीला झाली. ऑक्टोबर २०२४मध्ये झिरोधाने ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फंड जाहीर केला. पैसा आहे, माणसं आहेत, संस्था आहेत.

नाही आहे ती सवय. ‘देशी ऑपरेटिंग सिस्टीम’ची घोषणा झाली की आपण टाळ्या वाजवतो. पण देशीपण वॉलपेपर बदलण्यात नसतं. वरच्या सत्तर हजार पॅकेजेसपैकी आपल्या लॅब, आपली बंदरं, आपल्या पतपेढ्या ज्यांच्यावर चालतात, त्यातली किती पॅकेजेस बघायला आपला माणूस बसलाय, हे विचारायला हवं. मला हा प्रश्न सैन्याच्या सिस्टीमइतकाच मुलुंडच्या कॉलेजच्या लॅबसाठीही महत्त्वाचा वाटतो.

आणि इथे तुमचा संबंध येतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या पदवी अभ्यासक्रमांत ओजेटी आणि फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट्स आहेत. ती क्रेडिट्स कशी मिळवली जातात हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. काकांच्या ऑफिसचं लेटरहेड, दोन सेल्फी आणि चॅटजीपीटीचा रिपोर्ट. त्याऐवजी एखाद्या गटाने सहा महिने एक पॅकेज सांभाळलं तर? डेबियनमध्ये बेवारस पॅकेजेसची यादी उघडी असते. सुरुवातीला अपलोड करायचा अधिकार मिळत नाही. तुमचं काम कुणीतरी ज्येष्ठ तपासतो, तो स्पॉन्सर होतो, चुका काढतो, परत पाठवतो. पुन्हा परत पाठवतो. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद चेंजलॉगमध्ये तुमच्या नावानिशी राहते. कुठल्याही एक्स्टर्नलला ती पडताळता येते. अट एकच, कॉलेजने ते काम म्हणून मोजलं पाहिजे. आत्ता ‘कंपनीचं सर्टिफिकेट कुठाय?’ या प्रश्नावर गाडी अडते. डेबियन ही कंपनी नाही, त्यामुळे शिक्का कुणाचा घ्यायचा हेच ऑफिसातल्या क्लार्कला कळत नाही.

एनएफएस किंवा सांबाने सुरुवात मात्र करू नका. ती जड कामं आहेत, अनुभवी लोकांच्या टीमकडे आहेत, आणि तुमची एक चूक हजारो लॅब गोठवू शकते. त्यांच्याकडे बग कळवा, नवीन पॅकेज स्टेबलमध्ये यायच्या आधी आपल्या लॅबच्या दोन जुन्या मशिन्सवर लावून बघा आणि काय झालं ते नीट लिहून पाठवा. आमच्यासारखी विचित्र, जुनी, जुगाडू लॅब हीच खरी चाचणी असते, आणि युरोपातल्या मेंटेनरकडे तशी लॅब नसते. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबीला सही सक्तीची झाली, पाहुणा म्हणून बिनपासवर्डचा प्रवेशही बंद झाला, आणि कित्येकांचे जुने शेअर एका रात्रीत दिसेनासे झाले. अशा वेळी नक्की कुठला बॉक्स, कुठली आवृत्ती, कुठला मेसेज, एवढं लिहिलेला एक चांगला बग रिपोर्ट दहा रागावलेल्या पोस्टपेक्षा कामाचा ठरतो.

ती लॅब अजून तिथेच आहे. सर्व्हर सध्या डेबियन १२वर आहे. त्याचा नियमित सुरक्षा सपोर्ट जून २०२६पर्यंत, दीर्घ मुदतीचा जून २०२८पर्यंत. असिस्टंट सरांचा मध्यंतरी फोन आला होता, मे महिन्याच्या सुट्टीत १३वर जायचं म्हणतायत, येतेस का मदतीला. हो म्हटलंय. त्यांनी कामांची यादी पाठवली. पहिली ओळ होती, ‘रिलीज नोट्सची प्रिंट काढून आधी पूर्ण वाचणे’. दुसरी, ‘रविवारी करायचं नाही’. वडापाव तिसऱ्या ओळीत आहेत.